हुकूम कोणाचा? बावला पुस्तकाच्या कामाच्या नोंदी

6 ऑक्टोबर 2024

प्रकाशकांचा फोन आला. विषय मंजूर, मुदत वर्षाची. त्यांना पुस्तक 12 जानेवारी 2025 ला, म्हणजे मलबार हिलवरच्या बावला खुनाला शंभर वर्षं होतात त्या दिवशी हवं होतं. तीन महिन्यांत मी फार तर दिवाळी अंकाचा लेख देऊ शकते, असं सांगितलं. शंभर वर्षं थांबलेलं प्रकरण आणखी एक वर्ष थांबेल.

या वहीत रोज लिहायचं नाही. काही हाती लागलं, काही चुकलं किंवा मत बदललं, की लिहायचं. मागच्या पुस्तकाच्या वेळी नोंदी ठेवल्या नाहीत आणि शेवटी एक गोष्ट कागदात वाचली होती की कोणाकडून ऐकली होती, तेच आठवेना. ते अख्खं प्रकरण गाळावं लागलं.

मागची पुस्तकं ‘ए समरी’वाल्या गुन्ह्यांची होती. महाराष्ट्रात पोलिसांनी तपास थांबवताना कोर्टाकडे समरी मागायची पद्धत आहे. ए म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही, बी म्हणजे फिर्यादच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी भांडणातून झालेली नोंद. जुने फौजदार ‘ए फायनल’ म्हणतात आणि म्हणताना नजर दुसरीकडे वळवतात. बावला प्रकरण मात्र यातल्या कशातच बसत नाही. आरोपी सापडले, खटला चालला, फाशी झाली. मग ते माझ्या यादीत कसं, असं प्रकाशकांनीही विचारलं. त्यांना म्हटलं, गोळी कोणी घातली ते कळलंय. माणसं कोणी पाठवली, ते कोणत्याही कोर्टात कधी विचारलंच गेलं नाही.

20 ऑक्टोबर

घटना एका पानात मांडून पाहिली. पाठकोऱ्या कागदावर न अडखळता लिहिता आली, तरच पुस्तक लिहायला घ्यायचं, हा माझा नियम.

सोमवार, 12 जानेवारी 1925. मलबार हिल, हँगिंग गार्डनचा परिसर, संध्याकाळी साडेसातचा सुमार. अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी मोटारीतून फिरायला निघालेला. सोबत मुमताज बेगम, बावलाचा व्यवस्थापक आणि नोकर. मागून दुसरी मोटार आली, धडक बसली, माणसं उतरली. बाईला खाली ओढायला लागली. बावलानं विरोध केला, त्याला गोळ्या लागल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे लष्करातले तरुण इंग्रज अधिकारी रस्ता चुकून नेमके तिथे आले. त्यांच्यातला लेफ्टनंट सेगर्ट गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर तुटून पडला. गोळी लागली तरी मागे हटला नाही. बाई वाचली, एक हल्लेखोर जागीच सापडला, बावला रुग्णालयात गेला तो परत आला नाही.

सापडलेला माणूस शफी अहमद, इंदूर संस्थानच्या घोडदळ पोलिसांतला. तिथून धागा इंदुरात गेला आणि मुमताज ही तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदरी अनेक वर्षं राहिलेली, तिथून निघून आलेली स्त्री, हे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

पान भरलं, अडखळले नाही. एकच जागा खटकली. ‘रस्ता चुकून’. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक लाल रेघ मारेल. खऱ्या गुन्ह्यात असंच असतं. ते अधिकारी बरोबर रस्त्यानं गेले असते, तर मुमताज कदाचित त्या रात्रीच मुंबईबाहेर गेली असती आणि हा खटला एका नाहीशा झालेल्या बाईचा झाला असता. तो मग खरोखरच ‘ए समरी’ झाला असता.

16 नोव्हेंबर

दिवाळीचे पंधरा दिवस गेले. आता काळा घोडा. पुराभिलेख संचालनालयात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मागणी चिठ्ठ्या भरून बसले. इथली एक गोष्ट मला आवडते. फाईल हातात पडेपर्यंत ती आहे की नाही हे कोणीच सांगत नाही. तोपर्यंत समोरच्या खिडकीतून कॉलेजच्या पोरांचा गोंधळ ऐकायचा.

दुसऱ्या एका ग्रंथालयात (नाव लिहीत नाही) त्या काळच्या एका दैनिकाच्या बांधीव फाईली मागवल्या. जानेवारी 1925 चा खंड आला. तेरा तारखेनंतरची पानं ब्लेडनं कापलेली. कडा सरळ, काम सावकाश केलेलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘तुमच्या आधीही कोणीतरी पुस्तक लिहीत असणार.’ रागावायचं की हसायचं ते कळेना.

खाडिलकरांचं ‘नवाकाळ’ तेव्हा दोनच वर्षांचं होतं, ‘केसरी’ चव्वेचाळीस वर्षांचा. मराठी वाचकानं ही बातमी कशी वाचली असेल, याचा एक वेगळा पदर आहे. होळकर मराठी संस्थान, आरोपींत फणसे, दिघे, पोंडे अशी आडनावं. गिरगावातल्या चाळीत वाचणाऱ्याला हे ‘राजेमहाराजांचं काहीतरी’ वाटलं नसणार. घरातलंच कोणीतरी चव्हाट्यावर आल्यासारखं वाटलं असणार. पण ‘असणार’ हा शब्द मी पेन्सिलनं लिहिते. शाईनं लिहायचं ते फक्त कागदावर दिसलेलं.

12 जानेवारी 2025

रविवार. शंभर वर्षं झाली. साडेसहालाच हँगिंग गार्डनला पोचले. बाग 1881 ची, खाली पाण्याचा मोठा साठा, त्या काळीही होता. समोरचं कमला नेहरू पार्क आणि म्हातारीचा बूट तेव्हा नव्हता. बुटापाशी पोरांची झुंबड. एक बाबा मुलाला सांगत होता, ‘वर गेलास तर मी शोधायला येणार नाही.’ साडेसातला उभी राहिले आणि पाहत राहिले. दिवे, टॅक्स्या, भेळवाले, मॉर्निंग वॉकच्या बुटांत इव्हिनिंग वॉक करणारे लोक. या गर्दीत कोणालाही पळवून नेता येणार नाही.

मग प्रश्न पडला. तेव्हा किती अंधार होता?

13 जानेवारी

सबंध दिवस अंधारावर गेला. पुस्तकात ही फार तर सहा ओळी होईल, पण नोंदीत सविस्तर लिहिते.

जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, आपल्या घड्याळानं. पण 1925 च्या मुंबईत घड्याळं दोन होती. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळ पाळत, महापालिका आणि शहरातली कितीतरी माणसं ‘बाँबे टाइम’ पाळत. तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. पालिकेनं तो 1955 पर्यंत सोडला नाही. माझे आजोबा वेळ सांगितली की विचारायचे, ‘रेल्वेची की गावची?’ लहानपणी तो विनोद वाटायचा. म्हणजे ‘साडेसात’ हे रेल्वेचं असेल तर सूर्य मावळून तास झालेला, आणि बाँबे टाइम असेल तर आपल्या घड्याळात आठ वाजून नऊ मिनिटं. दोन्ही हिशेबांनी काळोख.

चंद्र? त्याच महिन्यात, 24 जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या. चौदा दिवस मागे मोजलं की पौर्णिमा 10 जानेवारीला येते. पौष पौर्णिमा, संक्रांतीच्या तोंडावर. 12 तारखेला पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे चंद्र मोठा होता पण उशिरा उगवणारा. माझ्या हिशेबानं आठ वाजून गेल्यावर. हल्ला झाला तेव्हा तो डोंगराआड होता, किंवा फार तर क्षितिजावर आलेला.

हे कशाला हवं? कारण कोणाला काय दिसलं, यावर बचाव पक्षाचं सगळं अवलंबून होतं. ओळख पटवणं, हातात पिस्तूल कोणाच्या, खंजीर कोणाच्या. मोटारीच्या दिव्यांच्या प्रकाशात काही क्षण दिसलेले चेहरे. एका लेखात ‘चांदण्यात न्हालेली मलबार हिल’ असं वाचलं. त्या लेखकानं पंचांग पाहिलं नव्हतं.

4 फेब्रुवारी, इंदूर

मावशीकडे उतरले. राजवाडा पाहिला, लालबाग पाहिला, रात्री सराफ्यात गराडू खाल्ले. थंडीत गराडू खाल्ले नाहीत तर इंदूरला आलीसच कशाला, हे मावशीचं म्हणणं. इथल्या मराठीत हिंदी इतकी मुरलीय की मावशी मला म्हणते, ‘अगं, तू बैस तर सही.’

विषय काढला. मावशी त्याला ‘ते प्रकरण’ म्हणते. तिच्या सासूबाईही म्हणायच्या. बावला, मुमताज ही नावं घरात कोणी घेत नसे. ‘महाराजांबद्दल वाईट लिहू नकोस गं,’ ती म्हणाली, ‘त्यांनी शहराला काय दिलं ते बघ.’ तुकोगंज तर त्यांच्याच नावाचं. मी म्हटलं, ‘मावशी, वाईट लिहायला माझ्याकडे काही नाहीच. तीच तर अडचण आहे.’ तिला ते पटलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

होळकरांच्या गादीचा एक योग विचित्र आहे. तुकोजीराव तेराव्या वर्षाच्या आत गादीवर आले ते वडिलांनी, शिवाजीरावांनी, 1903 मध्ये गादी सोडल्यामुळे. आणि 1926 च्या फेब्रुवारीत त्यांनीही गादी सोडली तेव्हा मुलगा यशवंतराव सतरा वर्षांचा होता.

9 मार्च

मुमताजचं प्रकरण तिसऱ्यांदा फाडलं.

पहिल्या दोन्ही खर्ड्यांत मी तिला ‘सौंदर्यवती नर्तकी’ म्हणून आत आणलं होतं. शंभर वर्षं सगळ्यांनी हेच केलंय. तीच दिवाळखोरी. तिची कोर्टातली जबानी पुन्हा वाचली आणि लाज वाटली. ती सरळ बोलते. मुलगी झाली, ती नर्सांनी मारली, म्हणून मला इंदुरात राहायचं नव्हतं, असं ती सांगते. मसुरीकडे नेत असताना दिल्ली स्टेशनवर ती उतरली आणि पुढे जायला नकार दिला. तिच्याभोवती संस्थानची माणसं, ती एकटी बाई, आणि तिनं फलाटावर पोलिसांना गाठून सांगितलं की मला जायचं नाही. पुढे अमृतसर, मग फिरत फिरत मुंबई, बावलाचा आश्रय.

आता प्रकरण दिल्ली स्टेशनपासून सुरू होतं. तिचं रूप तिसऱ्या पानावर एका वाक्यात येतं, तेही एका बातमीदाराच्या नजरेतून. मुलीच्या मृत्यूबद्दल तिनं सांगितलं ते ‘तिनं सांगितलं’ असंच ठेवलंय. त्याची चौकशी झालेला कागद माझ्यापुढे नाही. मनातून मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण ते माझं मन आहे, शाई नाही.

त्याच साली या प्रकरणावरून मूकपटही आला. बाईच्या चेहऱ्यावरचे टाके वाळायच्या आधी.

27 एप्रिल

खटला. मुंबई हायकोर्टाचं सेशन, न्यायमूर्ती क्रंप, ज्यूरी. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा. आरोपी नऊ. बचावाच्या वकिलांत कलकत्त्याहून आलेले सेनगुप्ता, आणि सरदार आनंदराव फणसे यांच्यातर्फे बॅरिस्टर जिना. जिनांचं नाव आलं की वाचक सावरून बसतो, म्हणून प्रकाशकांना ते मुखपृष्ठावर हवंय. मी नाही म्हटलं. जिना इथे एक वकील आहेत, आपलं काम करताहेत आणि ते चोख करताहेत. फणसे फासावर गेले नाहीत, त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

फाशीची शिक्षा तिघांना. शफी अहमद, शामराव दिघे, पुष्पशील पोंडे. पोंडेला वेड लागलं आणि त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. उरलेल्या दोघांना फाशी झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, अपिलाची परवानगी दिली नाही.

न्यायमूर्तींचं एक म्हणणं या पुस्तकाचा कणा आहे. त्याचा आशय असा: हल्ल्याचा उगम इंदुरात आहे हे दिसतं, पण इंदुरातल्या कोणत्या बाजूनं तो आला हे सांगण्याच्या स्थितीत आम्ही नाही. आरोपींपैकी कोणालाही त्या बाईला पळवण्यात स्वतःचा असा काही लाभ नव्हता. माणूस रजा काढून, प्रवास करून, दुसऱ्याच्या शहरात, परक्या बाईसाठी पिस्तूल घेऊन उतरतो, तो स्वतःच्या हौसेनं नव्हे. हे न्यायमूर्तींना कळत होतं, ज्यूरीला कळत होतं, चाळीतल्या वाचकालाही कळत होतं. पण आरोपींच्या पिंजऱ्यात बसलेल्यांच्या वर बोट करण्याचा अधिकार त्या कोर्टाला नव्हता. संस्थानचा राजा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टात आरोपी होऊ शकत नव्हता.

तक्ता केला. उभ्या रकान्यांत: नाव, संस्थानातलं काम, त्या संध्याकाळी काय केलं, शिक्षा, आणि शेवटचा रकाना ‘हुकूम कोणाचा’. पहिले चार भरले. पाचव्यात पेन्सिलनंही काही लिहिलं नाही.

15 जून

एक निवृत्त पोलीस अधिकारी माझा खर्डा वाचून देतात. तिन्ही पुस्तकांत ते आहेत, नाव एकातही नाही. आज पावसात त्यांच्याकडे गेले. चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘गाडी कोणाच्या नावावर? पेट्रोलचे पैसे कोणी दिले? रजेचा अर्ज कोणी मंजूर केला?’

म्हटलं, ‘साहेब, तुम्ही महाराजांकडे जाताय.’

‘मी कुठेच जात नाही. मी पैशामागे जातोय. तो नेईल तिथे जाईन. तुम्ही लेखक लोक आधी ठरवता आणि मग पैसे शोधता.’

लागलं. कारण तिसऱ्या भागात मी तेच केलं होतं. एकेका वाक्याला काही धक्का नव्हता, पण क्रम असा लावला होता की शेवटी वाचकानं स्वतःहून ते नाव घ्यावं आणि माझे हात स्वच्छ राहावेत. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चलाखी आहे. मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत ती पकडते.

त्यांचा दुसरा मुद्दा असा की राजाच्या भोवतीच्या माणसांना राजाचं मन ओळखून वागायची सवय असते. हुकूम द्यावाच लागतो असं नाही. ‘आमच्या खात्यातही लागत नाही,’ असं म्हणून ते हसले. हे प्रकरणात घातलंय, एक शक्यता म्हणून. दुसरी शक्यता, की दरबारातल्या कोणीतरी स्वतःच्या फायद्यासाठी हे घडवलं. तिसरी, जी सगळ्यांच्या मनात आहे. तिन्हींना सारखीच पानं दिली नाहीत. तिसरीला जास्त दिली, कारण तिच्या बाजूनं परिस्थिती जास्त बोलते. पण परिस्थितीच बोलते, साक्षीदार नाही.

6 जुलै

गादी सोडण्याचं प्रकरण पुन्हा लिहिलं. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या सरकारनं पुढे ठेवलेले पर्याय दोन: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. तुकोजीरावांनी गादी सोडली. बहुतेक लोक इथे टाळी वाजवून ‘बघा!’ म्हणतात. मी पण म्हणत होते. पण आयोग बसला नाही म्हणजे साक्षी झाल्या नाहीत, कागद मागवले गेले नाहीत, उलटतपासणी झाली नाही. सरकारलाही ते नकोच असावं (पेन्सिल). भर चौकशीत एका संस्थानिकाचं अंतःपुर उघडं पडलं असतं, तर बाकीच्या संस्थानिकांनी काय म्हटलं असतं? दोन्ही बाजूंना सोयीचा तोडगा निघाला आणि ज्या एका ठिकाणी उत्तर मिळालं असतं, ते दार तिथेच बंद झालं. माझ्या मते हे प्रकरण थंड पडलं ते मलबार हिलवर नाही, इथे. तपास अपुरा नव्हता. मुंबईचे पोलीस आयुक्त केलीसाहेब आणि त्यांची माणसं संस्थानच्या हद्दीपलीकडे जाऊन जमेल तेवढं खणून आली होती.

18 जुलै

वकील मैत्रिणीला हस्तलिखित दाखवलं. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, असा माझा समज. तिनं भारतीय न्याय संहितेचं कलम 356 उघडून पुढ्यात ठेवलं. स्पष्टीकरण पहिलं: मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो, जर ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि तो आरोप कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला असेल. जुन्या दंड संहितेच्या कलम 499 मध्येही हेच होतं. ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा, ती म्हणाली, पण कोर्टात हेतू सिद्ध होईपर्यंत तुझी पाच वर्षं जातील.

भीतीनं काही काढलं नाही. चार विशेषणं काढली. ती तशीही वाईट होती.

24 ऑगस्ट

अमेरिकन राणीचं प्रकरण कापलं. बावीस पानं. गादी सोडल्यावर तुकोजीरावांनी सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी 1928 मध्ये लग्न केलं, त्याआधी नाशिकला तिचं धर्मांतर झालं, ती शर्मिष्ठादेवी झाली. सनातन्यांचा विरोध, सुधारकांचा उत्साह, सगळं रंगतदार. लिहिताना मला खूप मजा आली, तिथेच शंका यायला हवी होती. मलबार हिलवरच्या गोळीशी त्याचा संबंध नाही. ‘बघा, हा माणूस कसा होता’ एवढं सुचवण्यासाठीच ती पानं तिथे होती. दिवाळी अंकाला देईन.

बावलाबद्दल मात्र अजून पुरेसं नाही. मेला तो, आणि पुस्तकात सर्वांत कमी तोच आहे. चार पानं वाढवली.

11 ऑक्टोबर

शीर्षकावरून तिसरी चकमक. प्रकाशकांना ‘महाराजांची मुमताज’ हवं. त्यांना विचारलं, ती महाराजांची नाही म्हणून तर दिल्लीला उतरली ना? फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, बरं, बघू.

2 नोव्हेंबर

दुसरी प्रुफं आली. मुद्रितशोधक बारीक नजरेचे, ‘बावला’चं ‘बावळा’ सहा ठिकाणी पकडलं. परिशिष्टातल्या तक्त्यापाशी समासात हिरव्या शाईत त्यांचा प्रश्न: ‘शेवटचा रकाना कोरा आहे. मजकूर राहिला आहे का?’

शेजारी लिहिलं, ‘नाही. असाच ठेवावा.’

पान 143 वर ‘चांदण्यात’ शब्द एकदा राहिलाच होता, माझाच. खोडला. उद्या प्रुफं कुरिअरनं परत.